मागच्या सीटवरचा पडदा आणि कोकणची वाट

गणपतीच्या आराशीसाठी विजेच्या माळा घ्यायच्या असतील तर मुंबईकर लोहार चाळीत जातो. पण गाडीच्या मागच्या सीटसमोर लावायला पडदा आणि त्याला जोडायला व्हिडिओ गेम हवा असेल, तर त्याची पावले ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडकडे वळतात. चतुर्थीला पंधरा-वीस दिवस उरले की या रस्त्यावरच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागते. वय चाळिशीच्या आसपास, हातात गाडीची किल्ली, आणि मागणी एकच : "गावाला जायचंय. मागे दोन मुलं असतात. बारा-चौदा तास गप्प बसतील असं काहीतरी द्या."

ही मागणी ऐकून दुकानदाराला नवल वाटत नाही. मुंबई ते सावंतवाडी हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटरचे. एरवी पहाटे निघालेली गाडी संध्याकाळच्या आत पोहोचावी. पण गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस सारी मुंबई कोकणाच्या दिशेने निघालेली असते. पनवेल सुटले की गाड्यांची रांग लागते आणि मग घड्याळ नुसतेच पुढे सरकते. पुढच्या सीटवरची मोठी माणसे गप्पा मारतात, डुलक्या काढतात. मागची मुले मात्र अर्ध्या तासात "अजून किती राहिलं?" असे विचारायला लागतात. पुढच्या अर्ध्या तासात भांडायला लागतात. आणि मान वळवून त्यांना दटावणाऱ्या बापाचे लक्ष रस्त्यावरून उडते, ही साधी गोष्ट नव्हे. पडदा नुसती हौस म्हणून घेतला जातो असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

मोठ्या पडद्यांचा रस्ता

लॅमिंग्टन रोड हे नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडले. पाटीवर आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग शोधत येणारा माणूस अजून जुनेच नाव विचारतो. एके काळी हा रस्ता पडद्यांचाच होता, पण मोठ्या पडद्यांचा. इंपीरियल, नाझ, स्वस्तिक, अप्सरा, मिनर्व्हा अशी चित्रपटगृहे इथे ओळीने उभी होती. याच मिनर्व्हामध्ये १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ चालला. सगळे कुटुंब नटूनथटून एकाच पडद्यासमोर बसायचे, ते दिवस होते.

मिनर्व्हा आज राहिलेले नाही. त्या रस्त्यावर आता हाताच्या ओंजळीत मावतील असे पडदे विकले जातात. सात इंची, नऊ इंची, दहा इंची. हेडरेस्टच्या मागे पट्ट्याने बांधायचे, छतातून खाली उघडणारे, किंवा हेडरेस्टसकट बदलायचे. एका गाडीत दोन मुले असतील तर दोन पडदे घ्या, म्हणजे भांडण नाही, असा सल्लाही इथे मिळतो.

प्रवासातला पडदा तसा आपल्याला नवा नाही. ऐंशीच्या दशकात खासगी आरामगाड्यांच्या कपाळावर 'व्हिडिओ कोच' अशी अक्षरे झळकू लागली. चालकाच्या पाठीमागे उंचावर टीव्ही, त्याखाली कुलूपबंद पेटीत व्हीसीपी, आणि गाडी शहराबाहेर पडली की चित्रपट सुरू. कोणाला पाहायचा नसला तरी ऐकावा लागेच. मात्र तो पडदा सगळ्या बसचा मिळून एक होता. विनोदाला सगळे एकदम हसत आणि कॅसेट अडकली की सगळे एकदम ओरडत.

घरच्या मोटारीत पडदा शिरला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. अमेरिकेत ओल्ड्समोबाइल कंपनीने १९९९ च्या 'सिल्हूट प्रीमियर' या मॉडेलमध्ये मागच्या मुलांसाठी छताचा पडदा आणि व्हिडिओ प्लेअर कारखान्यातूनच बसवून दिला. २००० साली सोनीने आपल्या प्लेस्टेशनची छोटी आवृत्ती, 'पीएस वन', बाजारात आणली. तिला जोडायला पाच इंची पडदा होता आणि गाडीतून वीज घेण्यासाठी अॅडॅप्टरही. गेम खेळायला घरच्या टीव्हीसमोरच बसले पाहिजे, ही अट तेथे संपली.

वीज येते कोठून?

पडदा आणि यंत्र विकत घेणे सोपे आहे. खरा प्रश्न त्यानंतर येतो. घरातल्या भिंतीत २३० व्होल्टची वीज असते, तर मोटारीच्या बॅटरीत अवघी १२ व्होल्टची. पडदा बहुधा १२ व्होल्टवरच चालतो आणि त्याला दहा-पंधरा वॅट पुरतात. निन्टेंडो स्विचसारखे हातात धरून खेळायचे यंत्रही तितक्याच विजेत भागते. ते मोबाइलसारखे चार्ज करता येते. पण प्लेस्टेशन ५ सारखे घरगुती यंत्र खेळताना सुमारे २०० वॅट ओढते आणि त्याला भिंतीतली वीज लागते. म्हणजे मध्ये इन्व्हर्टर आला.

आता थोडे गणित करावे लागेल. यंत्र, पडदा आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून २४० वॅट होतात. १२ व्होल्टने भागले की २० अँपिअर. डॅशबोर्डवर सिगारेट लायटरसाठी जे भोक असते, त्याच्या झाकणावर पुष्कळ गाड्यांत '१२ व्होल्ट, १२० वॅट' असे छापलेले असते. म्हणजे १० अँपिअर. त्या भोकात हा दुप्पट भार घातला तर फ्यूज उडेल. तो उडाला तर नशीबच. कारण कोणी शहाणा तिथे मोठा फ्यूज बसवून देतो, आणि मग फ्यूजऐवजी वायर तापते.

हे काम म्हणून दुकानातल्या काउंटरवर होत नाही. त्यासाठी गाडी न्यावी लागते कुर्ला-कालिना भागातल्या सी.एस.टी. रोडला.

सी.एस.टी. रोडवरची दुपार

या रस्त्यावर मोटारीचा प्रत्येक अवयव सुटा मिळतो. एका दुकानात दरवाजे टांगलेले, दुसऱ्यात दिवे, तिसऱ्यात सीट कव्हरांचे गठ्ठे. पदपथाला लागून गाड्या उभ्या, त्यांची दारे सताड उघडी आणि दारांतून बाहेर आलेले पाय. आत डॅशबोर्डखाली डोके घालून कोणीतरी काम करत असतो. मराठी, हिंदी, उर्दू या तिन्ही भाषा एकाच वाक्यात येतात.

चांगला कारागीर कोणता, हे ओळखायची खूण सोपी आहे. तो पक्कड उचलण्याआधी बॉनेट उघडतो आणि बॅटरीची ऋण बाजू सोडवतो. मग बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत स्वतंत्र जाड वायर नेतो. २० अँपिअरसाठी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. घरातल्या पंख्याची वायर चालत नाही. या वायरवर फ्यूज बसतो तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर. कारण फ्यूज हा यंत्राच्या रक्षणासाठी नसून वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर वाटेत कोठेही पत्र्यावर घासली आणि सोलली गेली, तर बॅटरीतली सगळी ताकद त्या जागी उतरते. पत्र्याच्या भोकातून वायर काढताना तो रबरी वायसर घालतो तो याचसाठी.

दुसरी खूण रिलेची. वायरवर असा रिले बसवायचा, की गाडीची किल्ली फिरवून काढली की पडदा आणि यंत्र दोन्ही आपोआप बंद व्हावीत. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून २० अँपिअरचा खेळ चालू राहिला, तर ती पावणेदोन तासांत पार रिकामी होईल, आणि त्याच्या बरेच आधी स्टार्टर फिरेनासा होईल. माणगावजवळ कोंडीत, भर पावसात, पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद केले, मुले मागे खेळतच राहिली, आणि रांग हलली तेव्हा गाडी सुरूच होईना, तर मागच्या शंभर गाड्यांचे भोंगे त्या कुटुंबाला ऐकावे लागतील.

तिसरी खूण पिवळ्या रंगाची. डॅशबोर्डखाली आणि दरवाजांमधल्या खांबांत पिवळे कनेक्टर दिसतात, ते एअरबॅगचे असतात. जाणता कारागीर त्यांना हात लावत नाही आणि ज्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, तिच्यावरून आपली वायर नेत नाही. ज्याला हे सांगावे लागते, त्याच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

राहिला यंत्राच्या जागेचा प्रश्न. पुष्कळ जण ते दोन सीटच्या मध्ये किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवून देतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे येते. तो आघात दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूइतका असतो. चार किलोंचे यंत्र तिसऱ्या मजल्यावरून मुलाच्या डोक्यावर यावे, असे कोणत्या आईला वाटेल? यंत्र पट्टीने पक्के करून सीटखाली किंवा डिकीत गेले पाहिजे, आणि तिथे हवा खेळली पाहिजे. मुलांनीही पट्टा बांधलेला असला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना असेल तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे; पण दंडापेक्षा मूल मोठे. खेळाच्या भरात पट्टा सोडून पुढे झुकणारी मुले प्रत्येक घरात असतात.

आणि एक गोष्ट सर्वांत आधी ठरवायची. पडदा मागे, पुढे कदापि नाही. चालकाच्या नजरेच्या टप्प्यात हलते चित्र आले, की नजर तिकडे जातेच. तो कितीही सावध असो. आरशातून मागचा पडदा चमकतो का, तेही रात्री एकदा पाहून घ्यावे. नव्या गाडीत मूळ वायरी कापल्या तर हमी जाऊ शकते, आणि आग लागली तर विमा कंपनीला भरपाई नाकारायला कारण मिळू शकते. म्हणून मूळ वायरींना धक्का न लावता वेगळी वाट काढणे केव्हाही शहाणपणाचे.

खिडकीतले कोकण

आता गाडी पनवेलच्या पुढे निघाली असे समजू. पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा महामार्ग. पूर्वी त्याला १७ क्रमांक होता, आता ६६ आहे. चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि एक पिढी ते पाहत मोठी झाली.

थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. रस्ता अभयारण्यातूनच जातो. पुढे गणेशमूर्तींचे पेण, अलिबागचा फाटा फुटतो ते वडखळ, मग नागोठणे, कोलाड, माणगाव. महाडला सावित्री नदी येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एस.टी. बस वाहून गेल्या. नवा पूल पुढच्याच वर्षी उभा राहिला, पण या रस्त्याने येणारी-जाणारी माणसे नदी दिसताच क्षणभर गप्प होतात. पोलादपूर सोडले की कशेडीचा घाट. २०२३ च्या गणपतीआधी तिथल्या बोगद्याचा एक भाग लहान गाड्यांसाठी खुला झाला आणि घाटाची वळणे चुकवता येऊ लागली. मग खेड, आणि परशुराम घाटात एका वळणावर एकदम खाली उघडणारे वाशिष्ठीचे खोरे. ढग खाली, नदी त्याखाली, चिपळूण नदीकाठी. तुरळला रस्त्याजवळच गरम पाण्याचे झरे आहेत. संगमेश्वरला १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले. हातखंब्याला रत्नागिरीचा फाटा, लांजा, राजापूर, आणि खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा लागतो.

ही नावे मुंबईतल्या चाकरमान्यांच्या एका पिढीला तोंडपाठ होती. कोणी ती मुद्दाम शिकवली नाहीत. रात्रीच्या लाल एस.टी.त खिडकीजवळच्या जागेसाठी भांडून, थांब्याथांब्यावर वडील खाली उतरले की ते परत येईपर्यंत जीव मुठीत धरून, ओकारी आली की आईने हातात दिलेले लिंबू हुंगत, ती मनात उतरली. कोठे चहा चांगला, कोठे देव रस्त्याकडेला, कोठे वळण आले म्हणजे आता दोन तास राहिले, हे त्या मुलांना कळायचे. गावच्या घरात पाऊल टाकण्याआधी गावची वाट त्यांच्या ओळखीची झालेली असे.

आज मागच्या सीटवर पडदा आहे. पनवेलला सुरू झालेली मोटारींची शर्यत, पडद्यावरची, राजापुरातही चालूच असते. मुलगा परदेशातल्या कोठल्याशा रस्त्याची वळणे डोळे मिटून घेतो, आणि कशेडी कधी गेली ते त्याला ठाऊक नसते. गाडी अंगणात थांबते तेव्हा आजी विचारते, "वाटेत पाऊस होता काय रे?" त्याला उत्तर देता येत नाही.

कोंडीत पडदा, घाटात खिडकी

म्हणून पडदा काढून फेकावा असे नाही. कोंडीत तीन तास एकाच ट्रकच्या मागे उभे असताना मुलांनी निसर्ग पाहावा, असा उपदेश करणाऱ्याने ती कोंडी स्वतः अनुभवावी. अशा वेळी पडदा मोठा आधार असतो. रात्रीच्या अंधारात खिडकीतून काही दिसत नाही, तेव्हाही हरकत नाही.

पण रस्ता मोकळा झाला, घाट सुरू झाला, की पडदा बंद व्हावा. याला प्रकृतीचेही कारण आहे. डोळ्यांना स्थिर पडदा दिसत असतो आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मात्र वळणे जाणवत असतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही, आणि गाडी लागते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त. मांडीवर यंत्र धरून खाली मान घालून खेळणाऱ्याला तो लवकर होतो, डोळ्यांच्या उंचीवर पडदा असेल तर थोडा उशिरा. त्यावर सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे लांबचा डोंगर पाहणे.

काही घरांनी यातून मार्ग काढला आहे. निघण्यापूर्वीच मुलांना सांगायचे, की कर्नाळा, सावित्री, कशेडी, परशुराम घाट आणि खारेपाटण, या पाच ठिकाणी पडदा बंद. तिथे खिडक्या खाली करायच्या. त्या जागेची गोष्ट बाबांनी नाहीतर आईने सांगायची, आणि परतीच्या प्रवासात ती मुलांनी सांगायची. किल्लीबरोबर पडदा बंद करणारा रिले असतोच. त्याच वायरीवर पुढच्या सीटजवळ एक साधे बटण बसवायला कारागिराला दहा मिनिटे लागतात. ते बटण आईच्या हाताशी असावे. एवढे काम सी.एस.टी. रोडवर जरूर सांगून करून घ्यावे, कारण सबंध जोडणीत याहून स्वस्त आणि याहून उपयोगी दुसरी वस्तू नाही.

मुलांची चिडचिड पहिल्या दिवशी होईल. पण खिडकी खाली केल्यावर ओल्या मातीचा आणि भाताच्या शेतांचा वास आत येतो, तो कोणत्याही यंत्रातून येत नाही. भाद्रपदात सड्यांवर रानफुले फुललेली असतात, वहाळ भरून वाहत असतात, आणि जागोजागी डोक्यावर गणपती घेऊन घराकडे चाललेली माणसे दिसतात. शेतातल्या चिंचोळ्या बांधावरून, पावसात, मूर्तीवर छत्री धरून.

महामार्ग सोडून गावचा फाटा लागला की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या काचांना लागतात. इथून पुढे नकाशा दाखवणारा मोबाइलही कधी कधी मुका होतो. कोणत्या दगडी गडग्यापाशी वळायचे आणि कोणत्या देवळाशी थांबायचे, हे आज वडिलांना ठाऊक आहे. आणखी वीस वर्षांनी गाडी चालवणारा तो, आत्ता मागे बसलेला मुलगा असेल. वाट त्याने पाहून ठेवलेली असावी, म्हणजे मखरातला गणपती आणि ओटीवर बसलेली माणसे यांच्यापर्यंत तो कोणाला न विचारता पोहोचेल.